पाण्यातली रेघ

तिने जेलचा पातळ तुकडा दोन्ही हातांनी उचलून निळसर दिव्याच्या पेटीवर अलगद ठेवला आणि बटण दाबलं. शेवटच्या रकान्याकडे आधी बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. नजर तिथेच गेली.

रेघ होती. ठसठशीत, कुणी मुद्दाम आखल्यासारखी.

त्या रकान्यात नुसतं पाणी होतं. रुग्णाचा नमुना नाही, जंतू नाहीत, काही नाही. प्रत्येक चाचणीत एक नळी अशी कोरी ठेवायची असते. पीसीआरचं यंत्र डीएनएचा एखादा तुकडा जरी सापडला तरी तापवत-निववत त्याच्या कोट्यवधी प्रती काढतं, आणि मग जेलवर त्याची रेघ उमटते. पाण्यात रेघ आली म्हणजे कुठून तरी काहीतरी आत शिरलंय. म्हणजे शेजारच्या रकान्यात, वॉर्डातल्या त्या आजारी मुलीच्या नमुन्यात दिसणाऱ्या रेघेलाही काडीचा अर्थ उरला नाही.

तिने हातमोजे ओढून काढले आणि कचऱ्याच्या डब्याकडे भिरकावले. एक आत पडला, दुसरा काठावर लोंबकळत राहिला. तो तिने तसाच राहू दिला.

"आली ना?" मागून आवाज आला.

सासरे खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. ते याच प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते, पण त्यांच्या निवृत्तीचा अर्थ इतकाच, की पूर्वी कामावर म्हणून यायचे ते आता हौस म्हणून येत. ती आधी त्यांची विद्यार्थिनी होती, मग त्यांच्या मुलाशी लग्न करून सून झाली. घरी बाबा आणि इथे सर, ही कसरत तिला अजूनही नीट जमत नव्हती. त्यांना काही अडचण नव्हती. ते दोन्हीकडे तिच्याशी सारखंच बोलत.

"एसीचा झोत बघ तुझ्या टेबलावर कसा येतो."

"एसी बंद होता, सर."

"मग केस."

"टोपी होती."

"मग बोलत असशील. नळ्या उघड्या असताना तू बोलतेस."

"मी एकटी होते. कोणाशी बोलणार?"

"स्वतःशी," ते म्हणाले. "तुला सवय आहे."

खरं तर तिला सवय होती, आणि आत्ताही ती मनातल्या मनात बरंच काही बोलत होती.

तिचे गेले काही दिवस असेच चालले होते. तिने पाणी बदललं, नव्या बाटल्या फोडल्या, थेंब मोजणारे पिपेट उघडून आतून पुसले, टेबलं ब्लीचने धुतली. एकदा तर सगळा संसार उचलून दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत नेला, जिथे कुणी कधी जंतूंचं काम केलेलं नव्हतं. रेघ तिच्या मागोमाग जिना चढून आली. दरवेळी सासऱ्यांकडे नवं कारण तयार असे. दरवाजा जोरात लागतो. हातमोजे हलक्या प्रतीचे आहेत. त्यांनी स्वतः दुसऱ्या कंपनीचे हातमोजे आणून दिले. ते घालून केलं, तरी रेघ. तेव्हा ते म्हणाले, मग घालण्याची पद्धत चुकते आहे.

रात्रीच्या जेवणातही हेच दळण चाले. तिचा नवरा घरी बसून भाषांतरं करायचा. तो एकदा ताटावरून म्हणाला, की तुमच्या बोलण्यातला मला फक्त 'पाणी' एवढाच शब्द कळतो, आणि तोही तुम्ही इतक्या रागाने उच्चारता की प्यायला मागायची भीती वाटते. दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

हसण्यासारखं होतंही काय! नमुना मुलांच्या वॉर्डातून आला होता. एक लहान मुलगी, ताप, ताठलेली मान, मेंदूज्वराचा संशय. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याआधीच कुठल्याशा दवाखान्यात तिला प्रतिजैविकं देऊन झाली होती, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने जंतू वाढवून बघायला गेलं तर काहीच वाढेना. जंतू नव्हतेच म्हणून वाढत नव्हते, की औषधाने मेले म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. ही नवी चाचणी त्यासाठीच सुरू केलेली. एकेका जंतूचा शोध न घेता, कुठल्याही जंतूचा डीएनए असेल तर तो दाखवणारी. तोवर मुलीला इंजेक्शनं चालू होती, आणि त्यांतलं एक कानांवर उठणारं, बहिरेपण आणू शकणारं होतं.

वॉर्डातली डॉक्टर रोज फोन करायची. हो की नाही, एवढंच सांगा, म्हणायची. ही रोज उद्याचा वायदा करायची. त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरने विचारलंच नाही. ती म्हणाली, "आज तिच्या आईने हाक मारली, तर ती वळली नाही. रुसली असेल. पण मी आता नुसत्या अंदाजावर ते औषध बंद करू शकत नाही, आणि चालू ठेवायलाही मन धजत नाही."

"उद्या," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्याच शब्दाची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत पोचली तेव्हा सासरे आधीच येऊन एन्झाइम बनवायला बसले होते. सगळ्या चाचण्यांचं काम याच एन्झाइमवर चालायचं. ते मूळचं उकळत्या झऱ्यांत राहणाऱ्या जंतूचं. यंत्र नळ्या तापवतं तेव्हा दुसरं कुठलंही एन्झाइम शिजून जातं, हे मात्र टिकतं आणि प्रती काढत राहतं. झऱ्यातल्या जंतूचं ते जनुक आतड्यातल्या साध्या जंतूंत घालून, त्यांच्याकडून हे बनवून घेण्याची रीत सासऱ्यांनी तरुणपणी बसवली होती. विकतचं मिळायला लागून जमाना झाला, पण ते ऐकायला तयार नव्हते. आसपासच्या सगळ्या प्रयोगशाळांना त्यांच्या हातचं एन्झाइम जायचं. कुणाची चाचणी बिघडली तर तो माणूस जगातल्या सगळ्या गोष्टींवर संशय घेई, पण सरांच्या बाटलीवर नाही. तीही त्यांतलीच.

ते जंतूंचा गढूळ रस तापवत होते. आतलं बाकी सगळं शिजून, गुठळ्या होऊन तळाशी बसलं आणि वर निवळ पाणी राहिलं.

"बघ," त्यांनी बाटली उजेडात धरली. "काच कुठली आणि रस कुठला, ओळखून दाखव."

ती बघत होती तळाच्या गाळाकडे. मेलेल्या जंतूंचा राखाडी गाळ. ती बघतच राहिली, आणि तिच्या हातातलं नळ्यांचं खोकं टेबलाच्या काठावर अर्धवट टेकलेलं तसंच राहिलं.

"काय झालं?"

"काही नाही, सर."

लगेच काही करता येणं शक्य नव्हतं, कारण ते समोर बसले होते. पण सुदैवाने त्याच आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी त्यांना वाकायचं नाही, वाचायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही अशी तंबी देऊन काळा चष्मा लावून घरी पाठवलं. तिथून ते तिला तासातासाला फोन करू लागले. दरवाजा लावलास का. पंखा बंद आहे ना. ती फोन खांद्याने कानाशी दाबून हो-हो करत होती आणि हातांनी नळ्या भरत होती.

या वेळी तिने मुलीचा नमुना घेतलाच नाही. सगळ्या नळ्यांत नुसतं पाणी. फरक एकच. पहिल्या नळीत सासऱ्यांचं एन्झाइम थेंबभर, पुढच्या प्रत्येकीत आधीच्यापेक्षा थोडं जास्त.

दिव्याच्या पेटीवर पहिली रेघ फिकी होती. दुसरी जरा गडद. तिसरी आणखी. शेवटची तर डोळ्यांत खुपत होती. ती स्टुलावर बसली. सासऱ्यांचा फोन वाजत होता. तो वाजून वाजून थांबला.

गाळातल्या मेलेल्या जंतूंचा डीएनए एन्झाइमबरोबर बाटलीत येत होता, आणि वर्षानुवर्षं ते कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. आजवरच्या चाचण्यांत एकेक ठरावीक जंतू शोधायचे, आणि हा गाळातला जंतू त्यांत कधी नव्हता. आता पहिल्यांदाच कुठलाही जंतू चालेल असा प्रश्न विचारला गेला होता, आणि पाण्याने प्रामाणिकपणे उत्तर दिलं होतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला तिची एक मैत्रीण अशाच कामात होती. तिच्याकडे खास धुऊन, जंतूंचा अंशही न ठेवलेलं विकतचं एन्झाइम होतं. ही बर्फाचा डबा मांडीवर घेऊन स्वतः जाऊन ते घेऊन आली. मग पाणी ठेवलं, मुद्दाम जंतू घातलेली एक नळी ठेवली आणि मुलीचा उरलेला नमुना ठेवला. जंतूंच्या नळीत रेघ आली. पाण्यात आली नाही. मुलीच्या नळीत आली नाही. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. तेच.

डॉक्टरने ऐकून घेतलं. इंजेक्शनं लगेच थांबवते म्हणाली. मग म्हणाली, की कानांची तपासणी सकाळीच झाली आहे. उजवा चांगला आहे. डाव्याचं आता काही सांगता येत नाही. आभार मानायचं डॉक्टर विसरली, आणि हिला ते बरंच वाटलं.

घरी जाताना वाटेत तिने वाक्य तयार केलं. घोटून घोटून गुळगुळीत केलं.

सासरे बाहेरच्या खोलीत काळा चष्मा लावून ताठ बसले होते. नवरा टेबलाशी टाइप करत होता.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

"स्वच्छ."

"मुलगी?"

"तिच्यातही काही नाही. इंजेक्शनं थांबवली."

"आणि कान?"

"उजवा चांगला आहे, बाबा."

"काय बदललंस?" त्यांनी विचारलं.

"हातमोजे," ती म्हणाली. "तुम्ही सांगत होतात ना, घालायची पद्धत चुकते म्हणून. नीट घातले."

नवऱ्याची बोटं थांबली.

सासऱ्यांनी मान वळवून तिच्या दिशेने बघितलं. काळ्या काचांमागे डोळे दिसत नव्हते. "मला इथे वाचायची बंदी, टीव्हीची बंदी," ते म्हणाले. "दिवसभर आढ्याकडे बघत मी दुसरं काय करतोय असं तुला वाटतं? एकेक गोष्ट खोडतोय. पाणी बदललं. पिपेट बदलले. खोली बदलली. हातमोजे तर मीच आणून दिले. खोडत खोडत काय उरलं, सांग."

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"खोटं बोलायचं तर जरा अभ्यास करून बोलावं माणसाने," ते वैतागून म्हणाले. "कशावरून कळलं?"

तिने सांगितलं. थेंबाथेंबाने वाढत गेलेल्या रेघा, शेवटची कशी होती ते. ते मधे एकदाच बोलले, पातळ केल्यावर गेली का, एवढंच. गेली नाही, फिकी झाली, ती म्हणाली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. डोळा लालभडक झाला होता. औषधाचा थेंब घालायची वेळ टळून गेली होती की काय, तिला आठवेना.

"कोणाकोणाला दिलंय मी ते?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "मला काय विचारतोय. फोन आण. नंबर लावून दे, मला दिसत नाही."

"उद्या लावू, बाबा."

"ही चाचणी आता सगळेच सुरू करतायत. उद्या कशाला?"

तिने पहिला नंबर लावून दिला. पलीकडे त्यांचाच एक जुना विद्यार्थी होता, आता मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख. सासऱ्यांनी कसलीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं, की माझं एन्झाइम या चाचणीला वापरू नका, त्यात जंतूंचा डीएनए आहे. हो, माझंच. हो, माझ्या हातचं.

ती औषधाची बाटली शोधायला आत गेली. आतून तिला त्यांचं एकट्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"नाही, एसी बंद होता... टोपी होती... अरे, ती एकटीच होती, बोलणार कोणाशी?... पिपेट पुसले रे बाबा, सगळं पुसलं... नाही नाही, तिचे हात नाहीत. तिचे हात मला माहीत आहेत... तू माझं ऐकतोयस का?"

आवाज चढत चालला होता. ती बाटली घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला होता आणि दुसऱ्या हाताने कपाळ चोळत होते.

"घे, तूच सांग याला," ते म्हणाले. "मला हा ऐकतच नाही."

तिने फोन घेतला. सर थकलेत बहुतेक, असं म्हणून पलीकडचा माणूस तिला आदराने, सावकाश, हातमोजे घालण्याची बरोबर पद्धत समजावून सांगू लागला. ती सासऱ्यांच्या शेजारी बसली. एका हाताने त्यांची मान मागे कलती करून तिने डोळ्यात थेंब सोडला, आणि त्या माणसाचं बोलून संपायची वाट बघत राहिली.