गोपीनाथच्या कार्डावरचा लाल ठप्पा

मी एक जुने हजेरीचे घड्याळ आहे. भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत छोटे वाचनालय आहे, तिथल्या कपाटावर मी बसलेले असते. तुम्ही मुले पुस्तके बदलायला येता, माझ्याकडे बोट दाखवून "ये क्या है?" म्हणता आणि खेळायला पळता. मित्रांनो, त्याचा मला राग नाही. मला राग आहे तो माझाच. आज मन मोकळे करते, कारण ही गोष्ट इतकी वर्षे पोटात ठेवून मी थकले आहे.

माझा जन्म कोलकात्याच्या एका कारखान्यात झाला. १९६७ साली गवताने भरलेल्या खोक्यातून मी भोपाळला आले. पंप बनवणाऱ्या या कारखान्याच्या फाटकाशी, टाइम ऑफिसच्या भिंतीवर, मला बसवले. माझ्या शेजारी कार्डांची मोठी फळी होती. प्रत्येक कामगाराने आपले कार्ड काढायचे, माझ्या फटीत घालायचे आणि दांडा दाबायचा. खट्! कार्डावर वेळ उमटायची. सकाळी सातपर्यंत निळी, सातनंतर लाल. लाल म्हणजे उशीर. धिप्पाड माणसेसुद्धा माझ्या लाल शाईला घाबरत, आणि खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडे.

माझी देखभाल नरहर टेंभे करीत. ते पुण्याहून नोकरीसाठी आलेले टाइमकीपर. सगळे त्यांना टेंभेबाबू म्हणत. त्यांचे अक्षर गोल, इस्त्रीची घडी कडक आणि नियम त्याहून कडक. "घड्याळ कधी खोटं बोलत नाही," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते ऐकून मी इतके फुगून जाई की दोन मिनिटे पुढे कशी गेले नाही याचेच नवल वाटते.

पण मित्रांनो, फाटकातून आणखी काही माणसे आत जात. ती डाव्या बाजूला, कडुनिंबाखाली उभी राहत. ही ठेकेदाराची माणसे. मुकादम मोठ्याने नावे पुकारी आणि ती रांगेने आत जात. त्यांना कार्ड नव्हते. ज्याला कार्ड नाही तो कारखान्यात नाही, असे मी सरळ धरून चालले होते. शंभर-सव्वाशे माणसे रोज डोळ्यांदेखत आत जात होती आणि तरी मला तसे वाटत होते. इतके आंधळे कोणी असते का?

त्या माणसांत एक गोपीनाथ बारंगे होता. मुलताई गावाकडचा, उंच, हसरा. ढलाईच्या शॉपमध्ये पंपाचे ओतीव भाग साच्यातून निघाले की त्यांना चिकटलेली वाळू ठोकून झाडायची, हे त्याचे काम. पूर्वी ते काम कार्डवाले करीत. पण त्या धुळीत कोणालाच राहायचे नव्हते. हळूहळू एकेकाने बदली करून घेतली आणि वाळू ठेकेदाराच्या माणसांकडे गेली.

गोपीनाथ सकाळी सर्वांच्या आधी येई. मुकादमाची वाट पाहताना तो आपल्या गमछ्याने माझी काच पुसत असे. त्याला कोणी सांगितले नव्हते. टेंभेबाबूंनी एकदा विचारले तेव्हा तो म्हणाला, "एवढं चांगलं घड्याळ हाय बाबू, साफ दिसलं पायजे." मग त्याने विचारले, "बाबू, मी बी रोजच येतो. मंग माह्यं कार्ड काहून नाही?"

"तुझी हजेरी मुकादमाकडे. इथे फक्त कंपनीची माणसं," टेंभेबाबू म्हणाले.

"बरं," म्हणून तो पुन्हा काच पुसू लागला.

अशी दहा-अकरा वर्षे गेली. मग मी मागे पडू लागले. मेकॅनिक आला. त्याने माझी चाके उघडली आणि बोटावर पांढरी, पिठासारखी धूळ घेऊन दाखवली. "बाबूजी, ये ढलाई की बालू है. बहुत बारीक होती है, मशीन खा जाती है. इसे ढककर रखिए."

टेंभेबाबू चपापले. धूळ कुठून आली ते त्यांनी ओळखले. त्यांनी अर्ज केला आणि आठवड्याच्या आत माझ्यासाठी सागवानी पेटी आली, काचेच्या दाराची. गोपीनाथला त्यांनी सांगितले, "आता घड्याळाला हात लावू नकोस हं. तुझ्या गमछ्याची धूळ आत जाते, बिघडतं ते."

गोपीनाथ दोन पावले मागे सरकला. त्याला तेव्हा खोकला लागला होता. त्या दिवसापासून तो माझ्याकडे पाठ करून खोके, माझ्यावर धूळ उडू नये म्हणून. लोखंडाची चाके खाणारी धूळ माणसाच्या छातीत काय करीत असेल, हे टेंभेबाबूंच्या मनात आले नाही, मेकॅनिकच्या आले नाही. माझ्या मात्र आले होते, मित्रांनो. आणि तरी मी नव्या पेटीत आरामात टिकटिक करीत राहिले. ही माझी पहिली चूक.

दुसरी त्याहून मोठी आहे. १९७९ साली प्रतिभा नावाची एक मुलगी कारखान्यात आली. भोपाळच्याच शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, कामगार कल्याणावर संशोधन करणारी. धुळीमुळे कामगारांच्या छातीला काही होते का, याची ती पाहणी करणार होती. तिच्या अहवालात त्रास दिसला तर छातीचा फोटो काढणारी गाडी कारखान्यात येणार होती आणि सर्वांना तोंडावर बांधायचे मुखवटे मिळणार होते.

"काका, मला सगळ्या कामगारांची यादी लागेल," ती म्हणाली.

टेंभेबाबूंनी अभिमानाने माझ्या शेजारच्या फळीकडे हात केला. "ही काय! जो कामावर आहे त्याचं कार्ड इथे आहे. एकही सुटायचा नाही."

प्रतिभाने फळीतले दर दहावे कार्ड उचलले आणि नावे उतरवून घेतली. माझी कार्डे आता विद्येच्या कामी येणार, या कल्पनेने मी हरखून गेले. तेवढ्यात कडुनिंबाखालून गोपीनाथ पुढे आला. "ताई, मले बी विचारा ना. मी वाळूत काम करतो."

प्रतिभा मनाने चांगली होती. तिने त्याला नीट समजावले, "दादा, मी माझ्या मर्जीने माणूस निवडला तर पाहणी खोटी ठरेल. ज्याचा नंबर निघेल त्यालाच विचारायचं, असा नियम असतो. तुमचा नंबर नाही निघाला."

"उद्या निघन का?"

"बघू या," ती हसून म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस तो रोज विचारी, "ताई, आज निघला का माह्या नंबर?" मला ठाऊक होते की तो कधीच निघणार नाही, कारण फळीत त्याचे कार्डच नव्हते. प्रतिभाला ते उमगले नाही, आणि टेंभेबाबूंना त्यात काही वावगे वाटले नाही. मी एरवी तासातासाला टोले देणारे घड्याळ, तेव्हा एकदा तरी अडायचे होते! बंद पडायचे होते, म्हणजे कोणी थांबून विचार केला असता. मी एक मिनिटही चुकले नाही.

अहवाल आला. एकशे वीस कामगारांपैकी फक्त दोघांना खोकला. गाडीची गरज नाही. मुखवट्यांचीही नाही. अहवालात माझा फोटो छापला होता. टेंभेबाबूंनी तो कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला.

काही महिन्यांनी, एका सोमवारी, गोपीनाथ आला नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारी अकराच्या सुमारास त्याची बायको सुमित्रा फाटकाशी आली. त्याच दिवशी प्रतिभा अहवालाची बांधलेली प्रत टेंभेबाबूंना द्यायला आली होती.

"बाबू, त्यायले दम लागते, रात-रात बसून राहतात," सुमित्रा म्हणाली. "कारखान्याच्या दवाखान्यात नेलं तं म्हणे, टाइम ऑफिसची चिठ्ठी आणा. ते इथं कामाले हाय, एवढंच लिहून द्या."

टेंभेबाबूंनी सवयीने फळीकडे पाहिले. "बाई, त्यांचं कार्ड नाही इथे. कार्ड नाही तर मी कसं लिहू?"

"बारा वर्षं झाले, बाबू! रोज सकाळी ह्या घड्याळाची काच पुसत होते ते." तिने माझ्याकडे हात केला. "माह्यावर भरोसा नसन, तं ह्याले विचारा."

तिघेही माझ्याकडे पाहू लागली. मित्रांनो, घड्याळाला तोंड असते, पण त्याला बोलता येत नाही. त्या क्षणी मला स्वतःची अशी लाज वाटली की माझे काटे गळून पडते तर बरे झाले असते.

प्रतिभाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "म्हणजे रोज नंबर विचारायचे ते?" तिने फळीकडे पाहिले, मग कडुनिंबाकडे. "काका, कार्ड नसलेली माणसं किती आहेत?"

"त्यांची मोजदाद आमच्याकडे नसते," टेंभेबाबू अगदी हळू म्हणाले.

ती बाकावर बसली आणि आपल्याच अहवालाची पाने उलटू लागली. मग टेंभेबाबूंनी खण उघडला, एक कोरे कार्ड काढले आणि गोल अक्षरात लिहिले: गोपीनाथ बारंगे, ढलाई. नियम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मोडला. त्यांनी कार्ड माझ्या फटीत घातले आणि दांडा दाबला. खट्! अकरा वाजून वीस मिनिटे, लाल शाईत. मग त्या कार्डाच्या आधारावर त्यांनी चिठ्ठी लिहून सुमित्राच्या हातात दिली.

दवाखान्याने गोपीनाथला दाखल करून घेतले. पण डॉक्टर म्हणाले, छातीत वाळू बसली आहे, फार उशीर झाला. पावसाळ्याच्या आधी तो गेला.

प्रतिभाने तो अहवाल मागे घेतला. बाईसाहेबांची फजिती झाली, असे लोक हसले. पण ती आठ दिवस सकाळी कडुनिंबाखाली उभी राहिली आणि मुकादम पुकारी ते प्रत्येक नाव तिने लिहून घेतले. एकशे चाळीस नावे निघाली. त्यांतल्या एकतीस जणांना तोच खोकला होता. मग गाडी आली, मुखवटे आले. नियमाबाहेर कार्ड केल्याबद्दल टेंभेबाबूंना मेमो मिळाला. त्यांनी माझा फोटो टेबलाच्या काचेखालून काढला आणि तिथे तो मेमो ठेवला.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही कधी माणसे मोजाल, याद्या कराल. तेव्हा यादी हातात आली की एकदा बाहेर जाऊन बघा, झाडाखाली कोण उभे आहे. माझी काच पुसू नका, ती तशीच राहू द्या. पेटीचे दार मात्र उघडा. आत टेंभेबाबूंनी ठेवलेले ते कार्ड अजून आहे. बारा वर्षे गोपीनाथ रोज आत गेला, त्याची मी एकदाही नोंद केली नाही. ज्या दिवशी तो आला नाही, त्या दिवशी तो आल्याचा ठप्पा मी मारला. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच ठप्पा खोटा आहे, आणि मला लाज वाटते ती बाकीच्या सगळ्या खऱ्या ठप्प्यांची.