लुडविनाची नात

नात समुद्रापलीकडच्या होनियारा शहराहून येणार म्हटल्यावर लुडविनाने नवं घर बांधायला घेतलं. साठी उलटलेली बाई, पण शाकारायची पानं तिने स्वतः पाठीवर वाहून आणली. शेजारच्या बायकांना गंमत वाटली.

"म्हातारे, कोण राजकन्या येतेय का गं?"

"राजकन्या कशाला? मालकीण येतेय माझ्या जमिनीची. जपून बोला, उद्या तिच्याकडेच अळू मागायला याल."

ती काही खोटं बोलत नव्हती. बूगनव्हिल बेटाच्या त्या डोंगरात वंश लेकीचा. जमीन आईकडून मुलीला जायची. मुलगे राबायचे आणि बहिणीच्या पोरांचे मामा व्हायचे. लुडविनाला मुलगे दोन आणि लेक एकच, फिलोमेना. तीही लढाईत गेली. तिच्या मागे राहिली ती ही सालोमे.

लढाई त्या घरात शिरली ती सालोमेच्या जन्माच्या दिवशीच. सरकारी फौजेने समुद्रातून बेटाची कोंडी केली होती. डोंगरात औषधाची गोळी मिळत नव्हती, आणि फिलोमेना बाळंतपणात अडली. लुडविना आणि तिचा धाकटा मुलगा गेर्वास तिला झोळीत घालून किनाऱ्याकडे निघाले. खाली फौजेच्या छावणीत दवाखाना होता. पण वाटेवर बंडवाल्यांचा नाका होता, आणि नाक्यावर थोरला कोस्मास.

"दादा, सोड आम्हाला. मरेल ती," गेर्वास म्हणाला.

"छावणीत गेलेलं माणूस परत आलेलं पाहिलंयस? तिला ठेवून घेतील आणि तुला गोळी घालतील. मागे फिरा."

लुडविनाने हात जोडले, शिव्या दिल्या, जमिनीवर डोकं आपटलं. कोस्मासने बंदूक खाली घेतली नाही. त्याला दुष्टपणा करायचा नव्हता, तो घाबरला होता. फिलोमेना तिथेच, केळीच्या पानांवर बाळंत झाली. पोर जगली, आई गेली.

पोरीच्या बापाने तान्हीला होडीत घातलं आणि समुद्र ओलांडून परमुलखात, होनियाराला नेलं. गेर्वास खाली उतरला आणि फौजेला मिळाला. पुढच्या वर्षी फौजेने कोस्मासला त्याच्या झोपडीत गाठून मारलं. झोपडीची वाट कोणी दाखवली हे डोंगरात सगळ्यांना ठाऊक होतं.

लढाई थांबली, बंदुका जमा झाल्या, तरी गेर्वास वर आला नाही. किनाऱ्यावर दुसऱ्यांच्या जागेत पाहुण्यासारखा राहिला. शेवटी गावप्रमुख बेनेडिकने दोन्ही बाजूंना धरून समेट ठरवला. गेर्वासने भावाची हाडं काढून आणायची, आईच्या हाती द्यायची, आणि मग त्याला घरी यायची मोकळीक. समेटाला कुळाची मुलगी हजर हवी, म्हणून सालोमेला निरोप गेला.

ट्रकमधून उतरलेली पोर हुबेहूब फिलोमेना होती. पण तोंड उघडलं तर डोंगरातला एक शब्द येईना. दोघी बाजारातल्या खिचडी भाषेत बोलायच्या.

"आजी, इथे फोन लागत नाही का?"

"त्या टेकडीवर लागतो. टेकडी तुझीच आहे."

सालोमे हसली. ते हसू बघून लुडविनाला आशा वाटली. तिने नातीला ओढा दाखवला, बदामासारख्या गालिपची झाडं दाखवली, आपल्या आईने कुठे पहिलं अळू लावलं ते दाखवलं. पोर पायांकडे बघत, जपून चालत होती.

समेटाच्या दिवशी सगळं रीतीप्रमाणे झालं. डुकरं भाजली. दोन्हीकडच्या लोकांनी धनुष्य मोडलं, एकमेकांच्या हातची सुपारी चुना लावून चघळली. मग गेर्वास पुढे आला. चाळिशीतच म्हातारा दिसत होता. हातात पांढऱ्या कापडाचं गाठोडं होतं.

"आई, दादाला आणलंय."

लुडविनाने गाठोडं घेतलं. ते फार हलकं होतं. बेनेडिक हळूच म्हणाला, "आता हात धर त्याचा, बाई. त्याशिवाय पुरं होत नाही." तिने गेर्वासचा हात धरला. हात लहानपणी होता तसाच होता, घामेजलेला, आणि हेच तिला सोसेना. लोकांनी गाणं म्हटलं. ती मात्र कधी सुटका होते याची वाट बघत उभी राहिली.

हाडं पुरून झाल्यावर सालोमे गेर्वासपाशी जाऊन बसली.

"मामा, तुम्ही फौजेला वाट का दाखवलीत?"

"त्याला धरून नेतील, तुरुंगात टाकतील, असं वाटलं होतं मला. आणि खरं सांगू? मेला तरी चालेल, असंही वाटलं होतं. तुझी आई माझ्या हातांत गेली, पोरी."

"म्हणजे मी जन्मले म्हणून हे सगळं."

"असं कोण म्हणालं?" लुडविना मागून ओरडली. "तुझा काय दोष गं त्यात?"

"दोष नाही गं आजी. पण इथे मला बघून प्रत्येकाला तेच आठवतं. बायका माझ्या तोंडाकडे बघून रडतात. तिकडे होनियारात मी कुणीच नाही. तेच बरं."

"इथे जमीन आहे तुझी! तुला मुलगी झाली की तिची होईल."

"कुठे वाढवू तिला? त्या नाक्याच्या वाटेवरून शाळेत पाठवू?" सालोमेने आजीचा हात हातात घेतला. "तिकडेही माणसांनी माणसांची घरं जाळली. आमचंही जाळलं. पण जाळणारे माझे मामा नव्हते."

गेर्वास उठून गेला.

नाताळाला येते असं सांगून सालोमे ट्रकमध्ये चढली. नाताळ आला, पोर आली नाही. त्याच्या पुढच्या नाताळाला टेकडीवर कुणाच्या तरी फोनवर निरोप आला, की तिने तिकडच्या मुलाशी लग्न केलं आणि इकडे येणार नाही. नव्या घरात लुडविना रताळी ठेवू लागली.

मग एका सकाळी बेनेडिक आला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलला.

"बोल रे सरळ. जमिनीचं बोलायला आलास ना?"

"तुझ्यामागे जमीन बघायला कोणीतरी मुलगी हवी, बाई. कुळ आपलं एकच. माझ्या बहिणीला चार मुली आहेत."

"चार! माझ्याकडे एकही उरली नाही." तिने नव्या घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "घे. दुसऱ्या कुणाला देऊ?"

"गेर्वासला मरेपर्यंत राहू देतील."

"देतील का?"

बेनेडिक उठला आणि पुन्हा पावसाचं बोलू लागला.

तो गेल्यावर गेर्वास अळू सोलायला बसला. समेटानंतर मायलेक एकाच चुलीवर जेवत होते, पण एकमेकांशी कामापुरतंच बोलत.

"आई, तू गेल्यावर मी कुठे जाऊ?"

लुडविनाने पातेलं चुलीवर ठेवलं. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी रोज देवाकडे मागते, तू माझ्याआधी जावंस."

त्याने सुरी थांबवली.

"निदान तुला पुरायला घरचं माणूस असेल," ती म्हणाली. "मला बेनेडिकची माणसं पुरतील."

"मीही तेच मागतो, आई."

तिने नारळ फोडला आणि खवायला घेतला. तो उरलेलं अळू सोलू लागला.