इराची गुणतालिका

असं समज, तुझं वय अकरा आहे. बडोद्याच्या अकोटा भागातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तू उभी आहेस. रविवारचे साडेपाच वाजलेत आणि तुझ्या हातात आईचा फोन आहे. समोर गॅलरीत बाबा तुझ्याकडे पाठ करून बसलेत. त्यांची मान तुला दिसते. हात मांडीवर आहेत, ते दिसत नाहीत. मागे स्वयंपाकघरात आई कणीक मळता मळता थांबली आहे. आता तुला दोन आकडे मोठ्याने सांगायचे आहेत. काय सांगशील? घाई करू नकोस. इराही करत नसे.

"बोल गं लवकर," सलील पाठ न वळवता म्हणाला. "संपला ना सामना?"

"संपला."

"मग?"

फोनवर शून्य-दोन असं दिसत होतं.

"एक-एक, बाबा."

सलीलची मान सैल झाली. "चला. हरलो तर नाही ना." आत परातीवर पुन्हा आईच्या बांगड्या वाजू लागल्या.

सलील ताम्हाणे मकरपुऱ्यातल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क होता. आजोबांचे आजोबा बडोदे सरकारच्या महसूल खात्यात मोठे अधिकारी होते, हे त्याने ऑफिसात एकदाच सांगितलं आणि मग सगळ्यांनी त्याला 'दिवाणसाहेब' म्हणून इतकं चिडवलं की पुन्हा नाव काढलं नाही. साहेब ओरडला की हा "जी सर" म्हणायचा. ट्रकवाले शिव्या द्यायचे, हा पावती पुढे करायचा. खंडेराव मार्केटात भाजीवालीने नासका टोमॅटो घातला तरी हा काही बोलायचा नाही.

चौदा वर्षांचा असताना, सन दोन हजारमध्ये, त्याने स्पेनमधला एक क्लब आपला मानला. फतेगंजच्या मैदानावर खेळणाऱ्या बाकीच्या पोरांनी माद्रिद आणि बार्सिलोना आपसात वाटून घेतले होते. सलीलने देपोर्तिवो घेतला. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, समुद्राला चिकटून ला कोरुन्या नावाचं पावसाळी गाव आहे, तिथला हा क्लब. निळे-पांढरे उभे पट्टे. मोठमोठ्यांना मागे टाकून त्या वर्षी हा क्लब स्पेनचा विजेता झाला. पहिल्यांदा, आणि आजवर एकदाच. सलीलला वाटलं, लहान माणसाचंही कधीतरी असं होतं तर!

पण नंतर क्लब उतरत गेला. तिकडची रीत अशी, की तळाला राहिलेल्या संघाला खालच्या वर्गात ढकलतात, जसं नापास झालेल्याला मागच्या इयत्तेत बसवावं. दोन हजार अकरामध्ये देपोर्तिवो दुसऱ्या वर्गात गेला, तेव्हा सलीलने नव्या लग्नातली खुर्ची भिंतीवर आपटून मोडली. क्लब वर आला, पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. अठरामध्ये परत घसरला, तेव्हा त्याने बायकोचा, देवश्रीचा, हात पिरगळला. इरा तेव्हा पाच वर्षांची होती. वीसमध्ये क्लब थेट तिसऱ्या वर्गात पडला. त्या आठवड्यात देवश्री लांब बाह्यांचे ब्लाउज घालून प्रयोगशाळेत कामाला जात होती.

बावीसमध्ये वर जायची संधी आली. एकच सामना उरला होता. सलीलने तो फोनवर बघितला आणि ज्यादा वेळेत क्लब हरला. त्याने तोच फोन देवश्रीच्या तोंडावर मारला. भुवई फाटली. चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो तिघांसाठी सेवउसळ घेऊन आला, इराच्या वाटीत स्वतः लिंबू पिळलं आणि रडला.

"मी मारत नाही गं, देवश्री. हात उठतो."

आणि त्याने शपथ घेतली. यापुढे आपण निकाल बघायचाच नाही. आपण बघितलं की ते हरतात. निकाल इरा बघेल आणि सांगेल. पोरीची नजर चांगली आहे.

मोठी माणसं कधीकधी आपलं ओझं असं लहानांच्या हातात देतात.

वर्षभर इराने खरे निकाल सांगितले. जिंकले तर बाबा आईस्क्रीम आणायचे. हरले तर ती आकडे सांगून न्हाणीघरात जायची आणि नळ पूर्ण सोडायची. पाण्याच्या आवाजातही ऐकू यायचं ते यायचंच.

मग नवा हंगाम सुरू झाला. सप्टेंबरातल्या एका रविवारी क्लब हरला आणि इराच्या तोंडून "एक-एक" निघून गेलं. ठरवून नाही. त्या रात्री आई जेवताना गरबा गुणगुणली.

खोटं टिकवायला किती मेहनत लागते ते बघ. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक, हरलं की शून्य. तू देपोर्तिवोला एक गुण दिलास, तर समोरच्या संघाचे तीन काढून त्यालाही एकच द्यायला हवा. नाहीतर बाबा विचारतील, "ते आपल्या पुढे कसे गेले?" सलील तसं विचारायचा. इराने भूमितीच्या वहीत मागच्या पानांवर त्यांच्या गटातल्या वीस संघांची स्वतःची तालिका आखली. शनिवार-रविवारचे खरे निकाल ती उतरवून घ्यायची, त्यातला फक्त देपोर्तिवोचा सामना बदलायची, आणि सगळी बेरीज पुन्हा जुळवायची. एकदाही चुकली नाही.

चूक झाली ती वेगळीच. फक्त बरोबऱ्या दिल्या असत्या, तर कदाचित निभलं असतं. पण आईच्या वाढदिवसाला तिने क्लबला जिंकवलं. बाबांनी आईला उचलून गोल फिरवलं आणि आई "अहो, सोडा, भिंतीला लागेल!" म्हणत हसली. आईचं तसं हसणं इराने कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या रविवारी तिने पुन्हा जिंकवलं. त्याच्या पुढच्याही. दिवाळीच्या सुमारास इराच्या वहीत देपोर्तिवो दुसऱ्या नंबरावर होता. खऱ्या तालिकेत तो खालून मोजला तर लवकर सापडला असता.

आनंद माणसाला एकट्याने सहन होत नाही. त्या रविवारी सलील ऑफिसातल्या विहंगला घरी घेऊन आला. चोवीस-पंचवीसचा, बोलका मुलगा.

"देवश्री, वडे कर. हा म्हणतो फुटबॉल म्हणजे बार्सिलोना. याला आज शिकवतो."

"भाभी, दिवाणसाहेब महिनाभरसे दिमाग खा रहे हैं," विहंग हसत म्हणाला. "सेकंड नंबर, सेकंड नंबर!"

त्याने खिशातून फोन काढला. इरा पाण्याचा पेला घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"विहंगकाका, तुमचा फोन चार्जिंगला लावू?"

"नेवुं टका छे, बेटा." नव्वद टक्के होती.

"मग आमचं वायफाय... ते चालत नाहीये."

"मारुं नेट छे ने." त्याने बोट फिरवलं, मग कपाळाला आठी घातली. "सलीलभाई, तमारी टीम तो नीचे छे."

सलील मोठ्याने हसला. "अरे, दो ग्रुप होते हैं. तू गलत ग्रुप देख रहा है."

"ना, ना. आ ज ग्रुप छे. जुओ ने, भूरा-सफेद पट्टा." त्याने निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बोट ठेवून भोळेपणाने फोन पुढे केला.

जवळजवळ दीड वर्षाने सलीलने स्वतः बघितलं. एकेक रविवार बोटाने खाली सरकवत बघितला. मग मान वर केली. पण इराकडे नाही. त्याने देवश्रीकडे बघितलं.

"तू शिकवलंस हिला."

देवश्रीच्या हातात झारा होता. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने इराच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे एकदा बघितलं, गॅस बंद केला, झारा ओट्यावर ठेवला.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"मी केलं!" इरा ओरडली. "बाबा, आईला माहीतच नाही!"

सलीलला ते ऐकू आलं नाही. त्याने देवश्रीचा गळा एका हाताने धरला आणि तिला दाराच्या चौकटीवर आपटलं. लाकडाचा आवाज झाला, मग दुसऱ्यांदा झाला. "माझ्याच घरात! माझ्याच घरात मला वेड्यात काढता!" वड्यांची ताटली खाली फुटली. विहंगने मागून त्याला कवेत धरलं, तर कोपराने त्याचा ओठ फुटला आणि तो भिंतीशी जाऊन पडला. देवश्री घसरत खाली बसली, तेव्हा सलीलने पाय उचलला. इरा मध्ये जाऊन पडली. लाथ तिच्या खांद्यावर बसली.

मग तो थांबला. स्वतःच्या पायाकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. गॅलरीत गेला आणि नेहमीच्या खुर्चीत पाठ करून बसला.

विहंगने तोंडाला रुमाल लावून खाली जाऊन रिक्षा आणली आणि तोही सोबत निघाला. जिन्यात शेजारच्या उदयसिंहरावांनी दार थोडंसं उघडलं, बघितलं आणि परत लावून घेतलं. देवश्रीच्या कानामागून रक्त येत होतं. रिक्षात ती इराच्या कानाशी वाकली.

"न्हाणीघरात पाय घसरला. लक्षात ठेव. बाहेर दुसरं काही बोलायचं नाही."

"का?"

"घरातलं आहे, बाळा. घरातलं बाहेर नेत नाहीत."

इराने मान डोलवली. तिला खोटं नवं नव्हतं. सात रविवार तिने खोटं बोलून या घराचं छप्पर तोलून धरलं होतं. बरं-वाईट काहीही असो, त्या सात रविवारी आईला कुणी हात लावला नव्हता, हेही तितकंच खरं.

दवाखान्यात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने जखम धुतली आणि कागद पुढे ओढला.

"शुं थयुं, बेन?"

"बाथरूममां लपसी गई," देवश्री म्हणाली.

डॉक्टरीणबाईंची नजर तिच्या गळ्यावर थांबली. तिथे चार बोटं उमटली होती. तरी त्यांनी पेन टेकवलं, कारण जे सांगतील तेच लिहायचं असतं. इराने त्या पेनाकडे बघितलं. आईने तिचा हात दाबला. घट्ट.

इराने हात सोडवून घेतला. शाळेत बोलायची त्या गुजरातीत, वर्गात उत्तर द्यावं तशी उभी राहून ती म्हणाली, "ना. मम्मी पडी नथी. मारा पप्पाए मारी छे."

विहंगने खाली बघितलं. देवश्रीने डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने तिचे खांदे खाली आले.

"पप्पानुं नाम?" डॉक्टरीणबाईंनी हळू विचारलं.

"सलील लक्ष्मीकांत ताम्हाणे," इरा म्हणाली. बाईंना आडनाव नीट कळलं नाही, म्हणून ती टेबलाजवळ गेली आणि एकेक अक्षर सुटं करून, त्या लिहून होईपर्यंत, सांगत राहिली.