सारवणाखालचा कोपरा

मी एका जुन्या खळ्याची माती आहे, मित्रांनो. सौंदडच्या अलीकडे, जिथं रेल्वेची शिटी ऐकू येते पण गाडी दिसत नाही, अशा एका गावाच्या कडेला मी पडून आहे. पोरं मला लांबूनच वळसा घालतात. म्हणतात, या खळ्यात काहीतरी बसलेलं आहे. पोरं खोटं बोलत नाहीत. बसलेलं होतंच.

पण आधी माझे चांगले दिवस सांगते.

पतिराम नावाच्या शेतकऱ्यानं मला बोडीच्या काठावरून बैलगाडीत घालून आणलं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. त्यानं मला पाणी पाजलं, धुमसानं चोपून चोपून बसवलं, आणि घरच्या बायांनी शेणाचा हात फिरवून मला हिरवं लुगडं नेसवलं. मग धानाच्या पेंढ्या आल्या. बैल गोल गोल फिरले, दाणा माझ्या पाठीवर खळाखळा सांडला. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, "पतिरामभाऊ, तुझ्या खळ्यात बिनाताटाचं जेवावं, इतकं चक्क, साफ हाये गा!" पतिराम मिशीतल्या मिशीत हसायचा.

पतिराम गेला. बैल विकले गेले, मळणीचं यंत्र आलं. वर्षातले चार-दोन दिवस माझी आठवण, बाकी मी रिकामी. तरी पतिरामची सून दुर्पता दर हंगामाआधी मला सारवायची, आणि सारवताना गुणगुणायची:

*खळं सारवलं बाई, शेण घेतलं गाईचं,*
*उमटू दे पाऊल, माझ्या धानलक्षुमीमाईचं.*

तिच्या तळव्याची ऊब मला अजून ओळखता येते.

पावसाळ्यात मी मोकळीच असायची, म्हणून तिचा नवरा हेमराज माझ्या एका कोपऱ्यात फवारणीचं औषध कालवायचा. औषध म्हणजे किडीचं विष. आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात. एका दुपारी डबा कलंडला. भकभक करत सगळं माझ्या अंगात उतरलं. हेमराजनं इकडं-तिकडं पाहिलं, पायानं थोडी कोरडी माती वर ओढली आणि पंप पाठीला लावून निघून गेला. महागाचं औषध सांडलं म्हणून बायको बोलेल, एवढीच त्याची भीती.

त्यानंतर पावसानं उघाड दिली आणि ऊन पडलं. मित्रांनो, उन्हाला न दिसणारी बोटं असतात. त्या बोटांनी ते विषाच्या गाठी उसवू लागलं. माझ्या अगदी वरच्या कातडीवरची जळजळ थोडी थोडी कमी होत गेली. पण ती बोटं फार आखूड. नखाच्या जाडीइतकी आत शिरली की थांबतात. खालचं विष खालीच राहिलं, वाट बघत.

मग हंगाम आला. दुर्पता शेणाची पाटी घेऊन आली. कोपऱ्यात वास मारत होता. घाण झाली असेल म्हणून तिनं तिथं दोन हात जास्तच फिरवले. आमच्याकडची रीतच आहे ती. जिथं काही ओंगळ झालं, तिथं शेणानं सारवलं की जागा शुद्ध. माझा तो कोपरा अंधारात गेला. उन्हाची बोटं सारवणावरच थबकली.

त्या वर्षी सारवण तडकलं आणि फटीत चोच घालणारी कोंबडीची पिल्लं तिथंच मान टाकून पडली. पुढच्या वर्षी खार मेली. मग चिमण्या. शेजारची जमुनाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "दुर्पता, त्या कोपऱ्यात कोनीतरी हाये व. जीव मागून राहिलं." दुर्पतानं गावदेवी मातामायचं नाव घेऊन तिथं लिंबू ठेवला, शेंदूर वाहिला, आणि मरणाचा विटाळ निघावा म्हणून आणखी जाड सारवलं. वरून तणसाचा ढीग रचला, धानाच्या वाळल्या काडीचा. मी आत गुदमरत होते. ते माझ्या पोटात निजलं होतं. मेलं नव्हतं. रात्रंदिवस मला त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि मला तोंड नव्हतं.

दुर्पताच्या दोन लेकी. थोरली रीना, गोंदियाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकते, जवळच कुडव्याला खोली करून राहते. धाकटी सोनू, अजून शाळेतही न गेलेली. सोनूला माती खायची सवय. भिंतीचे पोपडे, चुलीची कड, काही चालायचं.

"काऊन व, पोटात खळं बांधतेस काय?" दुर्पता तिच्या तोंडात बोट घालून माती काढायची. सोनू खिदळायची.

गेल्या फाल्गुनात तणसाचा ढीग गाईंनी खाऊन संपवला. कोपरा उघडा पडला. सोनू फुगलेल्या सारवणाचा पोपडा उचकटत बसली, त्याखाली तिची इवलीशी नखं माझ्यात रुतली. मला ओरडता आलं असतं तर, मित्रांनो, मी सगळं गाव गोळा केलं असतं.

थोड्या वेळानं सोनूच्या तोंडातून लाळ गळू लागली. हातपाय थरथरले, डोळ्यातली बाहुली राईएवढी झाली. जमुनाबाई धावत आली. "सांगितलं होतं ना, त्या कोपऱ्याचंच हाये हे! आधी उतारा काढ."

"उतारा मंग काढू, काकी," दुर्पता किंचाळली. "उमेंद्र, गाडी काढ गा!" शेजारच्या उमेंद्रनं फटफटी काढली आणि तिघं दवाखान्याकडे गेले. मी तशीच उघडी पडून राहिले, सोनूच्या बोटांच्या रेघा अंगावर घेऊन.

पुढचं मी नंतर अंगणातल्या बोलण्यातून ऐकलं. डॉक्टरनं विचारलं, औषध प्यायली काय? दुर्पता शपथेवर सांगत होती, घरात उघडी बाटली नाही. डॉक्टरनं त्यावर न थांबता विषाचाच उपचार केला, म्हणून पोरगी राहिली.

रीना सौंदडला गाडीतून उतरून थेट दवाखान्यात गेली होती. तिनं बहिणीची नखं पाहिली. नखांत शेण होतं, माती होती, आणि त्यांना औषधाचा वास होता. घरी येऊन ती माझ्याजवळ उभी राहिली. हेमराज मागे होता.

"बाबा, औषध कोठी कालवता तुमी?"

"वावरात."

"आधी कोठी कालवत होते?"

लांबून मालगाडीची शिटी आली, ती विरल्यावर हेमराजनं पायाच्या अंगठ्यानं माझा कोपरा दाखवला. मग म्हणाला, "एक डबा सांडला होता बाई. मी माती लोटली वरतून."

"मायले काऊन नाही सांगितलं?"

"बोलली असती."

दुर्पता ओसरीच्या खांबाला धरून ऐकत होती. सरळ माझ्याजवळ आली आणि जाड सारवणाच्या थरांकडे पाहत राहिली. एकावर एक, एकावर एक. प्रत्येक थरावर तिचीच बोटं उमटली होती.

हेमराज फावडं घेऊन आला. "खणतो अन् बोडीत फेकून देतो."

"बोडीत? मंग त्या विषाच्या मासोळ्या कोन खाईल, कलेक्टर?" रीना भडकली. तिनं कॉलेजातल्या सरांना फोन लावला. मग सगळ्यांना समजावलं. उन्हातले अतिनील किरण हे विष बरंचसं मोडतात, पण वरचा पातळ थर तेवढाच. म्हणून माती पातळ पसरायची, थोडी ओल द्यायची, पुन्हा पुन्हा उलटायची. सगळं जाईलच असं नाही. कधी मोडलेले तुकडेही विषारी असतात. तपासल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि धान तर तिच्यावर कधीच नाही.

तोंडाला फडकी, हातात जाड मोजे घालून त्यांनी मला उचललं. उंचावरच्या पडीत जमिनीवर जाड ताडपत्री अंथरली, कडा उचलून बांधल्या, तिच्याभोवती आणि खळ्यातल्या खड्ड्याभोवती बोराटीचं काटेरी कुंपण केलं. मी दोन ठिकाणी झाले, मित्रांनो. अर्धी खळ्यातला खड्डा, अर्धी माळावरची पापडासारखी पसरलेली. वैशाखाच्या उन्हानं मला पहिल्यांदा पोटाच्या आतून पाहिलं. भाजलं, पण बरं वाटलं. दुर्पता लांब दांड्याच्या दाताळ्यानं मला उलटायची. जुनं गाणं तिच्या ओठांवर येईना. एकदा फडक्याआडून नवंच काहीतरी पुटपुटली:

*सूर्यदेवा माझ्या बापा, तुझे हात रे आखूड,*
*मीच उलटते माती, नको फिरवू तू तोंड.*

पाऊस यायच्या आधी मला झाकणाच्या पिंपात भरलं. रीना थोडी माती तपासायला घेऊन गेली.

"गेलं काय व ते?" दुर्पतानं विचारलं होतं.

"बरंच गेलं असंल. किती, ते तपासल्यावर समजंल."

सोनू बरी होऊन घरी आली आहे. हडकली आहे, हात अजून थोडे कापतात. परवा ती आईचा पदर धरून खड्ड्याच्या कुंपणापाशी आली. जमुनाबाई पलीकडे उभी होती, हेमराज ओसरीवर बसला होता. सोनूनं विचारलं, "माय, भूत गेलं काय?"

मला वाटलं, दुर्पता हो म्हणेल. तेवढं सोपं होतं. जमुनाबाईनंही मान डोलावलीच होती. पण दुर्पता खाली बसली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "भूत नोहतं व माय. तुझ्या बाबाच्या हातानं औषध सांडलं, अन् माझ्या हातानं मी ते झाकत गेली."

ओसरीवर हेमराजनं मान खाली घातली. उठून मात्र गेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी, तुमच्या वावरातही कधीतरी काही सांडेल. माणसाचाच हात तो, निसटतो. रागावतील म्हणून वर माती ओढू नका. आम्ही माती आहोत, जे द्याल ते पोटात घेतो, आणि अंधारात ते जपूनही ठेवतो. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. सांडलं, तर त्याच दिवशी सांगा.