मागे ठेवलेली ओळ

"कंपायलर ओरडला, की त्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं," हास्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना आमच्या ऑफिसच्या मुख्य बाई म्हणाल्या होत्या. चुका दाखवणाऱ्या त्या कंपायलरचं मी तोंडच बंद केलं. एका दवाखान्यासाठीच्या प्रोग्राममधला, रुग्णांची वेळ बदलून देणारा भाग, म्हणजे फंक्शन, तीन दिवस जमेना, तेव्हा मी तिथे 'अनडिफाइन्ड' एवढंच लिहून ठेवलं. म्हणजे, हे नंतर लिहीन. कंपायलर लगेच गप्प झाला. हास्केलमध्ये मागितल्याशिवाय काही मोजलं जात नाही, आणि चाचणीत वेळ बदलून कोणी पाहिलीच नाही, त्यामुळे तिथेही ते उघडं पडलं नाही. बाईंनी विचारल्यावर मी "झालं" म्हणाले.

आज दवाखान्यात पहिल्याच रुग्णाने वेळ बदलून मागितली आणि प्रोग्राम कोसळला. तो तिथे बसवून आलेल्या माझ्या सहकाऱ्याला सकाळपासून सगळे बोलत होते. मी मान खाली घालून कीबोर्ड पुसत राहिले. खोटं बोलणार नाही, असं मी रोज पहाटे जप संपवताना म्हणते. आजही म्हटलं होतं.

तो खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. "ताई, उद्या जपात माझंही नाव घ्या. ग्रह फिरलेत माझे."

मी कीबोर्ड बाजूला सारला. "ग्रह नाहीत रे. ती ओळ माझी आहे, मीच ती अर्धी सोडली. बाईंना मी सांगते."

त्याने बाईंच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "जरा थांबून जा. आत्ता त्या तापल्यात."

"थांबले तर पुन्हा गप्प बसेन," मी म्हणाले, आणि लॅपटॉप उचलून बाईंच्या खोलीकडे निघाले.