एक काडतूस, दोन बंदुका

व्हर्लिन स्ट्राउड एकाहत्तर वर्षांचा होता, आणि त्यातली निम्मी वर्षं त्याने लोकांना एकच गोष्ट सांगण्यात घालवली होती. कमरेला रिव्हॉल्व्हर आणि हातात दांडा खाली ओढून भरायची रायफल, दोन्हींचं काडतूस एकच हवं. जुन्या काळचा माणूस तीन-तीन आठवडे माळावर घोड्यावरून हिंडायचा, तो काय दोन प्रकारची काडतुसं बाळगत बसणार होता? हे सांगताना व्हर्लिनचा सूर असा, जणू त्या माणसाचा तंबू यानेच ठोकला होता. प्रत्यक्षात त्याने चाळीस वर्षं टॉरिंग्टन गावातल्या एका दुकानात गुरांचं खाद्य विकलं होतं. घोड्यावर तो एकदाच बसला होता, बहिणीच्या लग्नात, आणि तेही दोघांनी धरून ठेवलं होतं म्हणून.

गावाबाहेर, बीटाच्या शेतांपलीकडे, नेमबाजांचा क्लब होता. महिन्यातल्या एका शनिवारी सगळे तिथे दीडशे वर्षं मागे जात. लांब कोट, उंच बूट आणि प्रत्येकाला एक दांडगं टोपणनाव. व्हर्लिनचं 'थंडर'. अठ्ठावन्न वर्षांचा दंतवैद्य लायल फेन्स्के स्वतःला 'किड', म्हणजे पोरगा, म्हणवून घेई. विमा एजंट दरोडेखोर होत, निवृत्त मास्तर शेरीफ होत, आणि दुपारी सगळे एका बाकावर बसून रक्तदाबाचं औषध घेत.

क्लबात एक रिवाज मात्र खरोखर कडक होता. घरी भरलेली काडतुसं ज्याची त्यानेच उडवायची. दुसऱ्याने बंदुकीची दारू किती घातली याचा भरवसा काय? नवराबायकोही याला अपवाद नव्हते. व्हर्लिन आणि त्याची बायको आर्डिथ गॅरेजातल्या एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून आपापली काडतुसं भरत, आणि डबे वेगळे ठेवत.

एप्रिलमध्ये नवशिक्यांचा दिवस असे. त्या दिवशी काडतूस भरून दाखवायचं आणि मग एकाच डब्यातून रिव्हॉल्व्हरचे पाच आणि रायफलचे दहा बार काढायचे, हा मान एकोणीस वर्षं व्हर्लिनकडे होता. यंदा फेन्स्केने काडतुसं भरायचं विजेवर चालणारं यंत्र घेतलं होतं आणि क्लबप्रमुख ओरिनच्या कानाशी लागून म्हाताऱ्याला आता विश्रांती देऊ या, असं सुचवलं होतं. ओरिन म्हणाला, यंदाचं बघू, मग ठरवू. हे व्हर्लिनच्या कानावर आलं तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. तो मान गेला तर शनिवारी तिथे जाऊन करायचं काय, हेच त्याला समजेना.

त्यात त्याचं उजवं मनगट हिवाळ्यापासून दुखत होतं. प्रत्येक बाराला कळ थेट कोपरापर्यंत जाई. 'थंडर'ने हे सांगायचं कोणाला? त्याने गुपचूप हलकी, आखूड गोळी मागवली, दारू कमी केली आणि शेतात जाऊन रिव्हॉल्व्हरचे बारा बार काढले. मनगटाला पत्ताही लागला नाही. त्याला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी त्याने दोनशे भरून टाकली. रायफलमधून एकही उडवून पाहिलं नाही. रायफल खांद्यावर असते, मनगटाचा काय संबंध, असा त्याचा हिशेब.

नवशिक्यांच्या दिवशी पंचवीसेक माणसं कॉफीचे कप घेऊन उभी होती, कडेला आर्डिथही होती. व्हर्लिनने प्रवचन केलं, घोडा झाला, माळ झाला. रिव्हॉल्व्हरचे पाच बार सुरेख गेले. मग त्याने रायफल घेतली. पहिला बार गेला, त्याने दांडा ओढला, आणि दांडा मध्येच अडकला.

दांड्याबरोबर रायफलीच्या आत एक छोटा पाळणा वर येतो आणि काडतूस उचलतो. काडतूस आखूड असलं की मागच्याचं तोंडही पाळण्यात घुसतं आणि सगळंच ठप्प होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक काडतुसाचा कप्पा वेगळा, त्यामुळे तिथे आखूड-लांब चालून जातं. हे व्हर्लिन एकोणीस वर्षं नवशिक्यांना बजावत आला होता.

फेन्स्केने डब्यातलं एक काडतूस चिमटीत धरून, दाढ तपासावी तसं उजेडात पाहिलं.

"ही हलकी गोळी आहे, व्हर्लिन. मनगट गेलेले लोक वापरतात ती."

पंचवीस माणसं व्हर्लिनकडे बघत होती. त्याच्या तोंडातून निघून गेलं, "अरे देवा, घाईत आर्डिथचा डबा उचलला मी."

'थंडर'नेच रिवाज मोडला म्हणून सगळे हसले, आणि व्हर्लिनचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ओरिनने खिशातून यादी काढली. पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धेला क्लबातले तिघे जाणार होते, पूर्ण दारू भरलेल्या काडतुसांच्या गटात. त्या गटात हलकं काडतूस वापरणाऱ्याला जागा नव्हती. सहा वर्षं घाम गाळून आर्डिथने त्या तिघांत नाव मिळवलं होतं. तिच्या काडतुसाचा बार बीटाच्या शेतापलीकडे ऐकू जाई.

"आर्डिथ, आधी सांगायचं ना," ओरिन मायेने म्हणाला. "यात लाजायचं काय? वयच आहे." आणि त्याने तिच्या नावावर रेघ ओढली.

आर्डिथने नुसतं नवऱ्याकडे पाहिलं, शांतपणे. तिने आरडाओरडा केला असता तर व्हर्लिनला सोपं गेलं असतं. त्याला खोटं पाडायला तिचा एक शब्द पुरेसा होता आणि तो शब्द ती त्याच्यासाठी गिळून बसली होती. व्हर्लिनला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"ओरिन, तिचं नाव परत लिही," तो म्हणाला. "डबा माझाच आहे. मनगट माझं गेलंय."

कोणी हसलं नाही. फेन्स्के उगाच आपल्या बुटांकडे बघत राहिला. ओरिनने नाव परत लिहिलं, आणि घसा साफ करून म्हणाला की पुढच्या वर्षी मग लायल दाखवेल. व्हर्लिनने मान डोलावली.

नवशिके अजून उभेच होते. आर्डिथ पुढे आली, तिने अडकलेली काडतुसं काढली, आपल्या डब्यातली दहा भरली आणि दहाही बार असे काढले की कॉफी हिंदकळली. मग ती नवऱ्याजवळ आली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं बोलली.

"डिसेंबरपासून घरातली प्रत्येक बरणी मीच उघडतेय, व्हर्लिन. मला वाटलं होतं, मला तरी सांगशील."

तिने रायफल त्याच्या उजव्या हाताकडे नेली, क्षणभर थांबली, आणि डाव्या हातात दिली.