लिंडसेत रात्रीचे अकरा

दिपिकाचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा इकडे गव्हाण गावात सकाळचे साडेआठ झाले होते. तिची आई हौसा मोबाइल हातात धरून व्हिडिओ कॉलवर ते पाहत होती, बाजाराला न्यायची मासळीची पाटी पायाशी भरलेली होती. तिकडे कॅनडातल्या लिंडसे गावात रात्रीचे अकरा वाजले होते. जावई शैलेश दारू पिऊन घरी आला होता, आणि बायको टीव्हीवर आईशी बोलताना दिसताच त्याचं डोकं फिरलं.

"बघा," तो टीव्हीकडे वळून म्हणाला, "तुमची लाडकी! या ना सोडवायला. पोचायला दोन दिवस लागतील." आणि त्याने तिच्या पोटात लाथ घातली.

दोन वर्षं हौसा त्या गावाचं कौतुकच ऐकत आली होती. केवढी शांतता! कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही. मासळी विकून कमावलेला तिचा आवाज मात्र जावयाला सोसायचा नाही. "आई, हळू बोला. इथे दहानंतर गोंगाट झाला की शेजारी सरळ पोलिसांना बोलावतात. हे गव्हाण नाही." मग ती बिचारी कुजबुजायची. लेकही कुजबुजायला शिकली होती. आता मार खातानाही तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता, आणि हौसाला संताप आला तो त्याचाच. लग्नानंतर तिच्या नवऱ्याने, कमळाकरने, एकदा, एकदाच, हात उगारला होता. हौसाने अशी बोंब ठोकली की अख्खी आळी दारात, आणि शेजारच्या काळूरामच्या आईने कमळाकरच्या मनगटावर फुंकणी हाणली होती.

लिंडसेत धावून येणारं कोणी नव्हतं. पण तक्रार करणारे तर होते!

ती दाराकडे धावली. कमळाकर आडवा आला. "घरातली गोष्ट हाय. गावात शोभा करतंस?"

"पोर मेल्यावर काय शोभा र्‍हाईल? बाजूला सर!" तिने त्याला ढकललं आणि दार सताड उघडलं. "या गो बायांनो! माझ्या दिपूला मारतोय! फोनात बोंबला! तिथं रात हाय, शेजारी उठले पायजेत!"

शेजारची जिजा आली, मनिषा पिठाच्या हातांनी आली, दहाबारा जणी मोबाइलभोवती जमल्या. शिव्या, बोंबा, थाळ्यांचा दणदणाट. लिंडसेतला टीव्ही गर्जू लागला. शैलेश रिमोट शोधू लागला. रिमोट दिपिकाच्या मुठीत होता. शैलेश बुटासकट तिच्या मनगटावर उभा राहिला. मनगट वाकडं झालं, पण तिचा अंगठा बटणावरून हटला नाही. आवाज वाढतच गेला.

"थांबू नका गो!" हौसाच्या घशात रक्ताची चव आली.

बऱ्याच वेळाने तिकडच्या खिडकीच्या पडद्यावर पोलिसांच्या गाडीचा लाल-निळा उजेड फिरला. दारावर थाप पडली. शैलेशने केस सारखे केले आणि दिपिकाला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. इकडे आळी चिडीचूप झाली.

दोन पोलीस आत आले. शैलेश हसतमुखाने, हळू आवाजात काहीतरी समजावू लागला. दिपिका भिंत धरून उठली. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. ती बोलायला लागली. हौसाला त्या इंग्रजीतलं अक्षर कळलं नाही, पण आवाज ओळखीचा होता. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा, आपल्या घरचा.

पोलिसाने शैलेशचे हात मागे बांधून त्याला बाहेर नेलं. मग दिपिका टीव्हीकडे वळली. "आई, ऐकू आलं का गो माजं?"

हौसाने तोंड उघडलं. ओरडून बसलेल्या घशातून नुसती हवा आली. तिने होकारार्थी मान हलवली, आणि ती कितीतरी वेळ हलवतच राहिली.